दांड्यावरचं वजन

वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर सहलीचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर एकटाच उभा होता. खिडकीआड बसलेल्या स्टॅनने चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा वाचला.

"अकराशे ऐंशी. काय गं ब्रायनी, आईने अख्खं स्वयंपाकघर भरलंय का?"

"पाणी तर अजून भरलेलंच नाही, स्टॅनकाका."

"मग बरोबर आहे. तुझा बाप तंबूच्या खुंट्यासुद्धा रेल्वेच्या रुळातून कापून आणायचा."

ब्रायनी हसली. गव्हाचा हंगाम संपून तीन महिने झाले होते, त्यामुळे धान्याच्या कोठारापाशी एकही ट्रक नव्हता. एरवी ती इथल्याच प्रयोगशाळेत गव्हातला ओलावा मोजायची. आज रजा घेऊन घरच्या न्हाणीघरातला छोटा वजनकाटा काखेत मारून आली होती. तिने तो ट्रेलरच्या दांड्याखाली ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि पुढचं छोटं चाक फिरवून हळूहळू वर घेतलं. दांडा ठोकळ्यावर टेकला. काटा एकशे एकतीसवर थांबला.

ट्रेलर गाडीला जोडला की हा दांडा गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर एवढाच भार टाकणार होता. ब्रायनीने आईच्या निळ्या गाडीतलं माहितीपुस्तक काढलं. एका पानावर पेन्सिलीने खूण होती: ओढण्याची क्षमता, पंधराशे किलो. खाली बाबाचं अक्षर, थोडं थरथरलेलं. 'आपला ट्रेलर बाराशेच्या आत. चालेल.'

क्लेमने, म्हणजे बाबाने, जुनी विकून ही गाडी गेल्या वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या जुलैच्या थंडीत घेतली होती. दवाखान्याच्या खाटेवर बसून, मांडीवर कागद पसरून. जुन्या मोठ्या गाडीच्या उंच पायरीवर आईचे, नेरिडाचे, गुडघे चढत नव्हते. आपल्यामागेही तिला ट्रेलर ओढून ईस्टरला समुद्रावर जाता यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. ऑक्टोबरमध्ये तो गेला.

ब्रायनीने पान उलटलं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, गोळ्यावरच्या भाराची मर्यादा दिली होती. ऐंशी किलो.

तिने दोनदा वाचलं. बाबाने पान उलटलं नव्हतं.

"काय झालं गं?" स्टॅनने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. थोडं सामान काढावं लागेल."

"अगं, सगळेच जास्त भरतात. हळू चालवायचं. कोण मोजायला बसलंय?"

"मी," ब्रायनी म्हणाली.

उद्या गुरुवार. उद्या दुपारी बारापर्यंत समुद्रकाठच्या पेलिकन पॉइंटच्या तळावर चौदा नंबरच्या जागेवर कुणीतरी उतरायला हवं होतं. तळाचा नियमच होता: जो दर ईस्टरला येतो, जागा त्याची. नाही आला, तर यादीतल्या पुढच्या माणसाची. गेल्या वर्षी क्लेम दवाखान्यात होता म्हणून व्यवस्थापकाने एक वर्ष सोडलं होतं. दुसऱ्यांदा सोडणार नव्हता. एकवीस वर्षांची जागा होती. ब्रायनी पोहायला तिथेच शिकली होती.

आणि तिला आणखी एक हिशेब चुकता करायचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला, बाबाच्या तळावरच्या शेवटच्या ईस्टरला, ती शनिवारीच निघून गेली होती. मेलबर्नला मैत्रिणीकडे. या वेळी चारही दिवस राहायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

घरी पोहोचली तेव्हा दालचिनीचा वास अंगणापर्यंत आला होता. नेरिडा ईस्टरचे गोड पाव भट्टीतून काढून, हात पुसत बाहेर आली.

"काय म्हणाला स्टॅन?"

"अख्खं स्वयंपाकघर भरलंयस म्हणाला."

"त्याच्या बायकोने माझं बिडाचं भांडं नेलंय, दोन वर्षं झाली. त्याला म्हणावं, तेवढं वजन वजा कर."

"आई, पुढच्या पेटीतलं थोडं काढू या. गाडीला दांडा जड होतोय."

नेरिडा थांबली. "पण क्लेमने पुस्तक पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं. त्याचं बरोबर आहे. आपणच सामान वाढवलंय."

खोटं बोलताना तिने पेटीचं झाकण उघडलं, म्हणजे आईकडे बघावं लागू नये. दांड्यावर बसवलेली ही पत्र्याची पेटी चाकांपासून लांब होती. तिच्यातला एक किलो काढला की गोळ्यावरचा पाऊण किलो कमी होणार होता. एक्कावन्न कमी करायचे, म्हणजे साधारण सदुसष्ट किलो बाहेर.

दुसरी गॅसची टाकी, सतरा किलो. हत्यारांची पिशवी आणि उरलेलं एक बिडाचं भांडं, एकोणीस. मग बॅटरी. पण बॅटऱ्या दोन निघाल्या. एक नेहमीची, आणि तिच्यामागे दुसरी, जाडजूड. क्लेम बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर काळ्या शाईने तारीख टाकायचा. गाळणीवर, नळावर, दिव्यावरसुद्धा. या बॅटरीवरही होती. दोन मार्च, दोन वर्षांपूर्वीचं साल.

"ही दुसरी कशाला? एक दिवा आणि एक फ्रीज, एवढंच तर चालतं."

नेरिडा पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागली.

बॅटरीला एक वेगळी तार जोडलेली होती. ब्रायनी तिच्यामागे ट्रेलरच्या आत गेली. तार बाबाच्या झोपायच्या बाजूला, उशीपाशी, एका खटक्यात संपत होती. असाच खटका नंतर घरी त्याच्या खाटेशी होता, श्वासाच्या यंत्रासाठी. त्या ईस्टरला बाबा दुपारी आत झोपला की घरघर ऐकू यायची. तिने विचारलं होतं. बाबा म्हणाला होता, "फ्रीज आहे. माझ्यासारखाच म्हातारा झालाय, कुरकुरतो."

ती बाहेर आली.

"आई, आजाराचं त्याने आपल्याला सप्टेंबरमध्ये सांगितलं. त्याला मार्चमध्येच माहीत होतं. सहा महिने आपल्या दोघींपासून लपवलं त्याने."

नेरिडाने पेटीच्या कडेवर हात ठेवला. "किती वजन आहे त्या बॅटरीचं?"

"एकतीस किलो."

"तेव्हा कोपऱ्यावरून दूध आणतानाही त्याला दोनदा थांबावं लागायचं. मग ती पेटीत ठेवली कुणी?"

सकाळपासून ब्रायनीने प्रत्येक वस्तूचं वजन मांडलं होतं. हे तेवढं मांडलं नव्हतं.

"दुसरी बाजू मी धरली होती," नेरिडा म्हणाली.

अंगणातल्या तारेवर एक पक्षी येऊन बसला, दोघींकडे पाहून उडाला.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा प्रबंध चालला होता. तो म्हणाला, जूनमध्ये सांगू. जूनमध्ये म्हणाला, निकाल लागू दे."

"मी शनिवारीच निघून गेले, आई."

"हो."

"तू मला थांबवायचंस!"

"मी उठलेच होते. त्याने माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाला, जाऊ दे, पोरगी खुशीत आहे."

ब्रायनी पायरीवर बसली. तिला त्या सकाळचा बाबा आठवला. फाटकापर्यंत सोडायला न आलेला, ट्रेलरच्या चांदव्याखाली खुर्चीतच बसून राहिलेला. तिला वाटलं होतं, रागावलाय. ती मागे वळलीच नव्हती.

नेरिडा पेटीकडे वळली. म्हणाली, "चल. बॅटरी काढ. जायला तर हवं."

दोघींनी ती काढली. ब्रायनीने दांड्याखाली पुन्हा काटा ठेवला. काटा बरोबर ऐंशीवर थांबला.

"जमलं?" नेरिडाचा चेहरा उजळला.

ब्रायनी काट्याकडे पाहत राहिली. ट्रेलर आता अकराशे तेरा किलोचा होता. रस्त्यावर सरळ चालायला त्याच्या दांड्यावर वजनाचा दहावा हिस्सा तरी हवा, एकशे अकरा. त्याहून हलका झाला की शेपूट हलायला लागतं. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी ट्रेलर डोलतो, मग ट्रेलर गाडीला डोलवतो. सामान मागे सरकवलं तर आणखी वाईट. मोठ्या गाडीसाठी बाबाने तो अगदी नीट भरला होता. या गाडीला ऐंशीच्या वर नको होतं आणि या ट्रेलरला एकशे अकराच्या खाली नको होतं. मधल्या एकतीस किलोंना कुठेच जागा नव्हती.

जमलं म्हणावं, आणि हळू चालवावं. स्टॅन म्हणाला तसं.

"आई, एक गोष्ट मीही लपवली," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन आली. आधी पेन्सिलीची खूण दाखवली, मग पान उलटलं.

नेरिडाने वाचलं. 'चालेल' या शब्दावरून तिने अंगठा फिरवला.

"त्या औषधांनी त्याला अक्षरं दोन-दोन दिसायची," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, मी वाचून दाखवते. नको म्हणाला. हे तरी मला करू दे म्हणाला."

"दुसऱ्या कुणाची गाडी मागू या?"

"ईस्टरला? ज्याच्याकडे ओढणारी गाडी आहे तो आपलं ओढत असेल." तिने पुस्तक मिटलं. "तुझा तो छोटा तंबू आहे ना, कॉलेजातला?"

"दोन माणसांचा आहे."

"मग आपण किती आहोत?"

जायच्या आधी नेरिडाने एकच हट्ट धरला. काढलेलं सगळं जागच्या जागी गेलं पाहिजे. ट्रेलर कुठे जाणार नव्हता, तरीही. गॅसची टाकी गेली, हत्यारं गेली. शेवटी बॅटरी. आईने एक बाजू धरली, ब्रायनीने दुसरी. पेटीची कड कमरेच्या वर होती. उचलताना ब्रायनीचा श्वास अडकला आणि बॅटरी तिच्या बाजूने खाली कलली.

"सांभाळ," नेरिडा म्हणाली. "क्लेमच्या बाजूनेही अशीच कलली होती. थोडी माझ्याकडे सरकव."

गुरुवारी साडेअकराला त्या पोहोचल्या. शेजारच्या जागेवरचा वॉली टोपी काढून पुढे आला, गाडीच्या मागे काहीच नाही हे पाहून परत वळला आणि खुंट्या ठोकायला हातोडा घेऊन आला. चौदा नंबरच्या त्या भल्यामोठ्या जागेत तंबू इतका लहान दिसत होता, की कुणीतरी टोपी विसरून गेलंय असं वाटावं. ट्रेलर उभा राहायचा तिथे चाकांचे खळगे अजूनही होते. दोघींनी तिथे काही ठेवलं नाही.

शनिवारी सकाळी ब्रायनीने बाबाची घडीची खुर्ची उघडली आणि फाटकाकडे तोंड करून बसली. पावणेदहा झाले. मग दहा. खुर्चीतून फाटकाबाहेरचा रस्ता सडपातळ झाडांपर्यंत सरळ दिसत होता, पहिल्या वळणापर्यंत. त्या शनिवारी तिची गाडी वळेपर्यंत त्याला दिसली असणार.

नेरिडाने चहा आणून दिला आणि शेजारी उभी राहिली.

"किती वेळ बसला होता तो इथे?" ब्रायनीने विचारलं.

"चहा गार होईपर्यंत," नेरिडा म्हणाली. "मग मी दुसरा केला. तोही गार झाला."