ताटलीवरची वाफ

नाकाचं हाड वाढतबिढत नाही. अमरावतीतल्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात चार वर्षं डॉक्टरांच्या हातात दुर्बीण देणाऱ्या आचलला हे तोंडपाठ होतं. पण तिला पाहायला अकोल्याहून आलेल्या खुशालरावांना कोण सांगणार? ती जेमतेम दोन वाक्यं बोलली आणि त्यांनी पोह्यांचा घास तोंडात असतानाच निदान करून टाकलं.

"पोरगी नाकात बोलते. हाड वाढलं हाय. ऑपरेशन करून घ्या किसनराव, मंग तारीख काढू."

त्यांचा मुलगा ललित बशीत पाहत बसला. आचलचे बाबा किसनराव पातेलं घेऊन पाहुण्यांना वाढत उभे होते. एरवी तलाठ्यालाही न दबणारा हा माणूस चक्क मान डोलवायला लागला.

"करू नं. डॉक्टर तिच्या वळखीचाच हाय."

आचलच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या डॉक्टरांनी स्वतः आत पाहून सांगितलं होतं, की मधला पडदा डावीकडे जरा झुकलाय, पण श्वास नीट चालतो, गालाकपाळातल्या पोकळ्या मोकळ्या आहेत, कापायचं काही कारण नाही. आणि हे गृहस्थ पोहे खाता खाता कापायला निघाले! आज मान खाली घातली, तर लग्नानंतर हे आणखी काय काय दुरुस्त करायला सांगतील याचा नेम नव्हता.

ती उठली. आतून स्टीलची ताटली आणली. डिसेंबरातल्या माठाच्या पाण्यानं ती चांगली गार झाली होती. पुसून कोरडी केली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या नाकाखाली आडवी धरली. वाफेचे दोन डाग उमटले. उजवा मोठा, डावा लहान.

"हे माह्यं. आता तुमचं पाहू," ती ललितला म्हणाली.

त्यानं निमूट नाक पुढे केलं. उजवीकडे रुपयाएवढा डाग, डावीकडे तुरीच्या दाण्याएवढा.

"असं काहून?" तो चकित झाला.

"पडदा बहुतेकांचा वाकडाच असते. अन् आतलं मांस आळीपाळीनं फुगते, एक नाकपुडी काम करते, दुसरी आराम. आता सांगा, पह्यले ऑपरेशन कोणाचं?"

खुशालराव तडकले. "पाहुण्याची परीक्षा घेते का कोणी?"

"माह्यी नाही घेतली का तुमी?"

तिनं ताटली त्यांच्याकडे नेली, तर त्यांनी नाकावर हातच ठेवला. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आण इकडं."

बाबांनी पातेलं एका हातात सांभाळत दुसऱ्या हातानं ताटली नाकाखाली धरली. उजवा मोठा, डावा लहान. हुबेहूब आचलसारखे. ते डाग विरेपर्यंत ते पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा शरमेनं उतरला. आचलला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"माह्यंच नाक हाय तिचं," ते म्हणाले. "साठ वर्षं याच्यातूनच श्वास घेऊन राहिलो. मले कोणी कापाले नाही सांगितलं. खुशालराव, पोहे संपवा. पोरगी आमची अशीच राहीन."

आचलनं त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, ताटली धुऊन तिच्यात पोहे वाढले आणि खुशालरावांच्या समोरच्या खुर्चीवर बाबांना बसवलं.