जस्ताला कोण विचारतो?

मी जस्त बोलतोय. पत्र्याच्या बादलीला लावतात तोच. झाडाच्या अन् माणसाच्या अंगातही मी असतो, चिमूटभर. चिमूटभर आहे म्हणून काय फुकटचा झालो?

त्या लोखंडाचं बघा. रक्त म्हटलं की लोखंड. शाळेत त्याच्या गोळ्या, दवाखान्याच्या भिंतीवर त्याचंच नाव. अन् युरियातला नत्र? तो तर गावचा जावई! पीक हिरवं दिसलं की ओवाळणी त्यालाच. माझा नुसता जळफळाट होतो.

गोंडपिपरीकडे गुणवंतरावांची एक बांधी आहे, बांध घातलेला शेताचा तुकडा, घरी खायच्या धानाचा. पोरगी मंजुषा बाळंतपणाला येणार, तिला घरचाच तांदूळ घालायचा, हा त्यांच्या बायकोचा, सुगंधाबाईंचा हट्ट. पण यंदा रोपांची रोवणी झाली अन् पानांवर विटकरी डाग पडले, रोपं खुजी राहिली. मातीत मी उरलोच नव्हतो ना! गुणवंतरावांनी काय करावं? आणखी युरिया फेकला. डाग वाढले.

शेवटी सुगंधाबाईंनी खताच्या दुकानातून मला आणलं. म्हटलं, आता आपला मान. पण गुणवंतरावांनी एका फेरीत काम उरकावं म्हणून मला डीएपी खतासोबत एकाच घमेल्यात कालवलं. त्यातल्या स्फुरदानं, म्हणजे फॉस्फरसनं, मला असं आवळलं की मुळापर्यंत जाता येईना.

सुगंधाबाईंचा भाऊ हेमराज बांधावर आला. "भाऊजी, दोघाइले एकत्र कालवलं काऊन? त्याइचं पटत नाई. आता नुसतं जस्त चुन्याच्या निवळीत मिसळून पानावर फवारा."

"चुना तं मले तंबाखूले लागते!"

"मंग थोडा धानालेबी द्या," म्हणत सुगंधाबाईंनीच पंप पाठीवर घेतला.

मी पानातून आत शिरलो. नवी पानं हिरवीगार निघाली. अन् गुणवंतराव गावभर सांगत सुटले, "उशिरानं लागला, पण युरियाच लागला!"

धान घरी आलं, मंजुषाही आली. काही दिवस घरचा भात खाल्ल्यावर म्हणाली, "आई, आता कुठी तोंडाले चव आली वं!"

जिभेची चव राखायला मी लागतो. मी कान टवकारले.

"आज मीठ बरोबर पडलं ना," सुगंधाबाई म्हणाल्या.

मीठ! पोटातल्या बाळाची कातडी विणायला मी राबून राह्यलो, अन् नाव मिठाचं! निदान त्या बाळाला तरी कोणी माझं नाव सांगा, बाबांनो. नाहीतर उद्या तेही शाळेतून लोखंडाच्या गोळ्या मिरवत येईल, अन् मला त्याच्या अंगात बसून ते ऐकावं लागेल.