कंदीलवाल्याच्या स्वागताचा फ्लेक्स

पाहुणे, तुम्हाला हे पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. घाटनांदुरात मला आश्रुबा म्हणतात, आणि आश्रुबानं सांगितलं म्हटलं की लोक ऐकतानाच निम्मं वगळून टाकतात. पण तुमची अंबाजोगाईची एसटी काही इतक्यात येत नाही, आणि छबुबाईच्या चहाला अजून उकळी फुटायचीय. तेव्हा सगळं ऐका, आणि वगळायचं ते गाडीत बसल्यावर वगळा.

तुम्ही विचारलंत समोरच्या त्या फ्लेक्सचं. ऑनलाइन सेंटरच्या शटरवर लटकलाय तो. वर आमचे पुढारी अर्जुनराव हात जोडून उभे, खाली पंधरा-वीस पोरं गॉगल लावून, आणि मधोमध लोखंडी चिलखतातला, डोक्यावर दिवा पेटलेला गडी. तारखेच्या जागी कागदावर कागद चिकटवून पार उशी झालीय. गेल्या साली त्या उशीवर चिमणीनं घरटं केलं होतं, पिल्लं उडून गेली, तरी तारीख आली नाही.

तो दिवावाला गडी म्हणजे कंदीलवाला. त्याच्या खेळाचं खरं नाव 'आयर्न लँटर्न'. बंदुकीचा खेळ. टीव्हीला एक डबा जोडायचा, हातात बटणांचं यंत्र धरायचं आणि अंधाऱ्या बोगद्यांतून गोळ्या झाडत जायचं. त्याचे तीन भाग निघाले, तिन्ही त्या डब्यावरच. कॉम्प्युटरवर नाहीच. तुमच्याकडं डबा असला तर खेळा, नसला तर दुसऱ्याच्या पाठीमागं उभं राहून बघा.

मी तेव्हा परळीच्या थर्मलमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. कॉलनीत माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये संजय ऑपरेटर राहायचा. त्याची दोन लेकरं. थोरली पौर्णिमा, बुद्धपौर्णिमेची म्हणून पौर्णिमा, आणि धाकटा प्रवीण. अख्ख्या कॉलनीत डबा त्यांच्याकडंच. टीव्हीचा पडदा आडवा दुभंगायचा, वरच्या फाळक्यात ही, खालच्या फाळक्यात तो. प्रवीण पुढं धावून मरायचा, आणि पौर्णिमा मागून येऊन त्याला उठवायची. त्या खेळात मेलेल्याला उठवता येतं, पण सोबती जवळ पाहिजे. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. थांब म्हटलं ना, थांब. एवढंच तिचं ऐकू यायचं, रोज.

तिसऱ्या भागाच्या शेवटी एक दार आहे. थर्मलच्या चिमणीएवढं उंच. त्याच्या दोन अंगांना दोन खटके. दोघांनी एकाच वेळी ओढले तरच ते उघडतं. ही दोन लेकरं मोठ्या मुश्किलीनं तिथवर पोचली, खटक्यांना हात घातला, आणि डबा बंद पडला.

का म्हणाल तर राख. परळीची राख माणसाच्या चहात पडते, तर डब्याला कोण सोडतंय. मी स्वतः तो उघडला. आतून एवढी राख निघाली की मी तिची वीट पाडली, आणि ती वीट आजही माझ्या न्हाणीच्या पायरीला आहे, चला दाखवतो. डबा मात्र पुन्हा बोलला नाही. दुसरा घ्यावा तर तोवर कंपनीनं तसला डबा करणंच बंद केलेलं.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर शेवट बघायचा. कुणी ना कुणी टाकलेलाच असतो. पण बहीणभावानं शब्द दिला होता एकमेकांना, दार बघायचं नाही, उघडायचं. प्रवीणचं बोट चुकून तसल्या व्हिडिओवर पडलं, तर तो मोबाईल पालथा घालायचा, जसं काही आत साप निघालाय.

वर्षं गेली. पौर्णिमा लातूरला दवाखान्यात नर्स झाली. प्रवीणनं इथं सेंटर टाकलं. मी रिटायर होऊन गावी आलो. आणि एक दिवस दिंद्रुडहून विजयसिंह मोटरसायकल उडवत आला. बागायतदाराचा पोरगा, पण याच खेळानं नादावलेला. त्याची आणि प्रवीणची ओळख फोनवरच्या ग्रुपात झालेली, तिथं सगळे असलेच नादिष्ट. त्यानं बातमी आणली, की कंपनी तिन्ही भाग कॉम्प्युटरवर आणतीय, तारीखसुद्धा जाहीर केलीय. प्रवीणनं गिऱ्हाइकाचा सातबारा अर्धा छापून तसाच सोडला आणि पौर्णिमेला फोन लावला. ती वॉर्डात होती. तिनं तिथल्या तिथं त्या तारखेची सुट्टी मागितली.

एक अडचण होती. नेटवरून दोघांनी दोन गावांत बसून खेळायची सोय या खेळात नव्हती. जुना खेळ, जुनी रीत. एकाच पडद्यापुढं, शेजारी शेजारी बसावं लागायचं. आणि पौर्णिमेचं जर्मनीतल्या दवाखान्यात काम ठरलेलं, तिकीट यायचं बाकी. म्हणजे ती जायच्या आत खेळ आला तर दार उघडणार, नाहीतर राहिलं.

मग फ्लेक्सची कल्पना विजयसिंहाची. आमच्याकडं बोकडाचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, हे तर कंदीलवाल्याचं आगमन. 'प्रतीक्षा संपली, हार्दिक स्वागत' असं वर लिहिलं, खाली तारीख. पण अर्जुनरावांच्या फोटोशिवाय घाटनांदुरात फ्लेक्स टिकत नाही, रात्रीतून फाटतो. म्हणून त्यांचाही फोटो टाकला, सगळ्यात मोठा.

अर्जुनरावांनी गाडीतून जाताना तो बघितला. मधोमध चिलखत, शिरस्त्राण, बंदूक, खाली आगमनाची तारीख. त्यांनी ओळखलं, गावचा जवान सेवा संपवून परत येतोय. आपल्याकडं जवान आला की उघडी जीप, हलगी, फेटा, शाल, नारळ. त्यांनी एका फोनवर सगळं ठरवलं. कुणाचा पोरगा, कोणत्या पलटणीतला, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण पुढाऱ्यानं गावचा जवान ओळखत नाही म्हणायचं कसं. आणि गावानंही त्यांना विचारलं नाही, कारण अर्जुनरावांना ठाऊक असणारच.

त्या सकाळी स्टेशनपुढं जीप सजून उभी. पौर्णिमा ड्युटी करून तशीच लातूरहून आलेली, डोळे तांबडे. आणि प्रवीणच्या मोबाईलवर कंपनीचा निरोप पडला. खेळ अजून पक्का झाला नाही, वाट बघितल्याबद्दल आभारी आहोत, नवी तारीख लवकरच.

प्रवीणनं तो निरोप दोनदा वाचला. मग तो सेंटरच्या पायरीवर बसला, आणि बाहेर हलगी कडकडायला लागली. पौर्णिमा त्याच्याशेजारी बसली, त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि पालथा ठेवला.

इकडं जवानाचा पत्ता नाही. पण माणूस आला नाही म्हणून सत्कार रद्द करायची पद्धत आमच्याकडं नाही. शाल आणलेली, नारळ आणलेला, अर्जुनरावांनी भाषण पाठ केलेलं. तेव्हा म्हाळूनं, म्हणजे हलगीवाल्यानं, मलाच पुढं ढकललं. डोक्यावर विजयसिंहाचं हेल्मेट, त्याला सुतळीनं बांधलेली बॅटरी. मी जीपमध्ये उभा राहिलो आणि चौकापासून शाळेपर्यंत सलाम घेत गेलो. अर्जुनराव माझ्या पराक्रमावर एवढं बोलले की बायाबापड्या डोळे पुसायला लागल्या. मलाही भरून आलं. माझी एक जखम तर अजून ठणकते.

हसताय तुम्ही. पण प्रवीण हसला नव्हता. तो बघा, शटर ओढून तोच येतोय इकडं चहाला. बस रे प्रवीण, या पाहुण्यांना तुझ्या फ्लेक्सचंच सांगतोय. बसला. न बोलता बसला, बघितलंत. सकाळपासनं त्याचं असंच आहे. असो.

तर पुढं नवी तारीख आली. फ्लेक्सवर कागद चिकटला. पौर्णिमेनं पुन्हा सुट्टी जुळवली, दुसरीच्या बदली रात्रपाळ्या ओढल्या. ती तारीखही गेली. या वेळी निरोप असा होता, की कंदिलाचा उजेड आम्हाला हवा तसा पडत नाही. प्रवीणनं कंपनीच्या पानावर जाऊन लिहिलं, की उजेड कमी असला तरी चालेल, आम्ही लोडशेडिंगमधली माणसं आहोत. त्याला उत्तर आलं नाही, नुसता एक हसरा चेहरा आला. त्या चेहऱ्यावर हा पोरगा जेवढा चिडला, तेवढा तारखेवर चिडला नव्हता. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला. विजयसिंह दिंद्रुडहून यायचा, दोघं मिळून शिव्या घालायचे, आणि उद्याची तारीख असल्यासारखं कॉम्प्युटरला ब्लोअर मारून ठेवायचे. राख नव्हती इथं, तरी मारायचे.

तिसरी तारीख पडली ती पौर्णिमेच्या विमानाच्या आदल्या आठवड्यात. तिनं फोन केला तेव्हा मी सेंटरमध्येच बसलो होतो. प्रवीणनं फोन स्पीकरवर लावलेला.

"प्रव्या," ती म्हणाली, "या बारीला मला कुणी सुट्टी दियाला तयार न्हाई. सामान भरायचं हाय, आईला दवाखान्यात दाखवायचं हाय. आला गेम तर तू उघड दार. मी तिकडून बघीन."

"एकट्यानं उघडत न्हाई ते, ताई."

"मग इजयला घे सोबत."

हा म्हणाला, "त्यो मागं राहून उठवत न्हाई मला. त्योबी पुढंच पळतो."

ती म्हणाली, बघते मी, आणि फोन ठेवला.

मला ते सहन झालं नाही, पाहुणे. मी अर्जुनरावांचा फोन मागून घेतला, कारण तसल्या फोनवरून परदेशात लागतं, आणि थेट कंपनीला लावला. थर्मलमध्ये मोठमोठे साहेब येऊन गेले, त्यांच्याकडून शिकलेलं इंग्रजी माझ्याकडं शिल्लक होतं. तिकडून एक बाई बोलली. तिला म्हटलं, बाई, तुमच्या कंदिलाचा उजेड राहू द्या, आमची पोरगी निघालीय. ती म्हणाली, नियमात बसत नाही. मी विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, आश्रुबा, सगळ्या जगाच्या आधी, फक्त घाटनांदूरला सोडते, पण कुणाला सांगू नका. आता तुम्हाला सांगतोय, तर ते तुमच्यापाशीच ठेवा.

आणि सोडला हो. भर दुपारी. एवढा मोठा खेळ आला की गावातल्या सगळ्यांचं नेट बंद पडलं, बँकेतसुद्धा रांग थांबली. पौर्णिमा लातूरहून पहिल्या गाडीनं आली. दोघं शेजारी बसली. लहानपणी बसायची तशीच, ती डाव्या हाताला. पडदा दुभंगला. हा पुढं धावला आणि मेला. हिनं मागून येऊन उठवला. पुन्हा मेला, पुन्हा उठवला. म्हाळू खिडकीबाहेरून हळूच हलगी वाजवत होता. विजयसिंह खुर्ची असून उभा होता. छबुबाई, तू चहा घेऊन आली होतीस, आठवतं का. तिला आठवत नाही म्हणे. वय झालं तिचं.

दारापाशी पोचली दोघं. तेच दार. पौर्णिमेनं एका खटक्याला हात घातला, प्रवीणनं दुसऱ्या. ती म्हणाली, थांब म्हटलं ना, थांब. मग तिनं मान हलवली, आणि दोघांनी एकदम ओढलं.

दार उघडलं. आणि आत काय होतं म्हणाल तर परळीची कॉलनी. खोटं सांगत नाही. तेच क्वार्टर, तीच वाळत घातलेली धुणी, आणि त्यावर राख नाही, एक कणसुद्धा नाही, सगळं पांढरं शुभ्र. कंदीलवाल्यानं डोक्यावरचा दिवा विझवला, कारण आत ऊन होतं. तो आणि त्याची सोबतीण ओट्यावर बसले. बस, एवढंच. पौर्णिमा बघत राहिली. मग म्हणाली, आता जायला हरकत न्हाई, आणि प्रवीणच्या डोक्यावर एक टपली मारून...

"आबा," प्रवीण म्हणाला. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला होता, भरलेलाच. "ताई गेली तवा गेम आला नव्हता. आज सकाळी त्यांनी पुन्हा फुडं ढकललाय, आता तारीखबी दिली न्हाई. त्या दाराच्या मागं काय हाय ते मला ठावं न्हाई, ताईला ठावं न्हाई. तुमाला कुठून ठावं?"