तुंबलेला पाइप

मी एक जुना, काळा, मिशाळ मासा आहे. हो, मिशाळच. माझ्या नाकाभोवती मिशा आहेत, गालांवर काटे आहेत, अंगावर खवल्यांच्या जागी चिलखत आहे आणि तोंड पुढे नसून खालच्या बाजूला आहे. मला पाहून पुष्कळजण नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी थोडे रडून घ्यायचे असते म्हणे. ते माझ्याकडून होणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

माझा जन्म मासे विकणाऱ्या एका दुकानात, अगदी मागच्या टाकीत झाला. पुढच्या टाक्यांवर माशांची नावे होती. आमच्या टाकीवर नुसते 'काच साफ करणारे' एवढेच लिहिले होते. एके दिवशी एक प्लंबर आपल्या बायकोला घेऊन दुकानात आला. त्यांनी मोठ्या शेपट्यांचे गप्पी मासे निवडले आणि दुकानदाराने वर आम्हा दोघांना त्यांच्या गळ्यात मारले.

"हे दोघं टाकीत सोडा. काच घासायची कटकटच मिटली."

"यांना पिल्लं वगैरे होतात का हो?" प्लंबरच्या बायकोने विचारले.

"छे छे. दिवसभर काच चाटतात, यांना फुरसत कुठली?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आम्हा दोघांत मी नर आणि दुसरी मादी आहे, हे त्याने नीट पाहिलेसुद्धा नव्हते.

आमची टाकी बाहेरच्या खोलीत मांडली गेली. तिच्या एका बाजूला बायकोचे शिलाईचे मशीन होते आणि दुसऱ्या बाजूला प्लंबरची अवजारांची पेटी. समोरच्या खुर्चीत प्लंबरची आई बसत असे. तिने पहिल्याच दिवशी माझे बारसे केले. "काळतोंड्या आहे नुसता. तोंड बघा, जसं काही कुणी झोपेतून उठवलंय." तेव्हापासून मी काळतोंड्या. मला त्या नावाचे काही वाटले नाही. पाहुणे यायचे, गप्पींच्या शेपट्यांचे कौतुक करायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या शेपट्या ज्या काचेतून इतक्या झळझळीत दिसत, ती काच कोण पुसत होते, हे एकानेही कधी विचारले नाही. मी काम करत राहिलो.

प्लंबरची एक गोष्ट मात्र मी मानतो. कामावर उरलेला पाइपचा एक तुकडा त्याने स्वच्छ धुतला आणि आम्हाला लपायला म्हणून टाकीत ठेवला. तो अगदी माझ्या अंगाच्या मापाचा होता. आत शिरलो की पाठ वर टेकायची आणि दोन्ही बाजू भिंतींना लागायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचे घर मिळाले.

त्या घरात माझ्या जोडीदारणीने अंडी घातली. नारिंगी मण्यांचा एक छोटा घोस पाइपच्या आत चिकटला. आमच्यात आई अंडी घालून निघून जाते आणि पुढचे सगळे बापाने बघायचे असते. मी दारात बसून परांनी वारा घालावा तसे पाणी घालत राहिलो. अंड्यांवरून पाणी खेळत राहिले नाही तर ती कुजतात.

आणि मग रविवार उजाडला. रविवारी टाकीतले सगळे सामान बाहेर काढून घासायचे, असा त्या घरचा नेम होता. त्यात आमचा मालक पडला प्लंबर. तुंबलेला पाइप त्याला बघवत नाही. त्याने पाइप उचलला, उभा धरून झटकला, तसा मी पाण्यात पडलो. आत नारिंगी काहीतरी चिकटलेले दिसले.

"केवढा गाळ साचलाय," असे म्हणून त्याने आत ब्रश घातला, पाइप नळाखाली धरला आणि मोठ्या समाधानाने परत आणून ठेवला.

मी आत गेलो. आत काहीही नव्हते. मित्रांनो, त्याला माहीत नव्हते, हे मी मान्य करतो. पण ज्याचे जळते त्यालाच कळते. मला तेव्हा राग आला होता आणि खरे सांगायचे तर अजूनही तो पुरता गेलेला नाही. यापुढे पाइप झटकला तरी मी बाहेर पडणार नाही, असे मी ठरवून टाकले.

काही महिन्यांनी पुन्हा अंडी झाली. या वेळी मी आत गेलो तो गेलोच. बायकोने काकडीची चकती टाकली, मी तिच्याकडे पाहिले नाही. काचेवर शेवाळ चढले, चढू दिले.

"काळतोंड्या संपावर गेलाय वाटतं," प्लंबरची आई म्हणाली.

"फुकट खायची सवय लागलीय त्याला," प्लंबर म्हणाला. "दुकानात परत देतो आणि दुसरा आणतो. तो पाइपही परत तुंबलेला दिसतोय."

फुकट म्हणे. मी तर खातही नव्हतो.

पुढच्या रविवारी त्याने बाह्या वर सारल्या. पाइप पाण्याबाहेर आला. त्याने तो उभा धरून झटकला. मी गालांवरचे काटे उघडले, पर ताणले आणि दोन्ही भिंतींना रुतून बसलो. त्याने पुन्हा झटकला. मी हललो नाही. मग त्याने पाइप तळहातावर आपटला. माझे डोके दणाणले, श्वास कोंडला, पण माझ्या मागे माझी अंडी होती. मी पडलो की ब्रश आत येणार, हे मला पक्के ठाऊक होते.

"अडकलाय वाटतं. अगं, पेटीतली तार दे जरा."

मशीन थांबले. बायको उठली, पण तिने तार दिली नाही.

"अहो, लोकांच्या घरी आधी बॅटरी मारून बघता आणि मग तार घालता. स्वतःच्या घरात थेट तार?"

प्लंबर जरा घुटमळला. कामाच्या बाबतीत कोणी बोलले की त्याला लागते. त्याने पाइप झटकन पाण्यात बुडवला, मला दम खाऊ दिला आणि मग बॅटरी घेऊन पाइपच्या मागच्या तोंडातून आत पाहिले. सगळा पाइप उजळला. तो पाहतच राहिला.

"अगं, याला डोळे आहेत."

"माशाला डोळे असणारच की."

"माशाला नाही. गाळाला."

बायको वाकली. एकेका मण्यात दोन-दोन काळे ठिपके होते आणि एका मण्यातून बाहेर आलेली शेपटी वळवळत होती. प्लंबर म्हणाला, "म्हणजे मागच्या वेळी मी..." त्याने पाइप दोन्ही हातांनी हळूच तळाशी ठेवला.

"बाप झालाय होय काळतोंड्या?" आई खुर्चीतून म्हणाली. "मग तसं सांगायचं नाही का रे?"

आता याहून वेगळे मी कसे सांगायला हवे होते, ते तिचे तिलाच ठाऊक.

अंडी फुटली. थोड्या दिवसांनी माझी पिल्ले एकेक करून बाहेर पडली आणि काचेला चिकटली. गप्पी टपलेच होते. त्यांना स्वतःची पिल्लेसुद्धा पचतात, तिथे माझ्या पिल्लांची काय कथा. मी एकेका गप्पीला काटे दाखवून कोपऱ्यात बसवले. प्लंबर आल्यागेल्याला सांगू लागला, "माझ्या पाइपात झाली बरं का." घेऊ दे त्याला श्रेय. मात्र आता पाहुण्यांना तो आधी माझ्याकडे बोट दाखवतो, हेही खरे.

आता मी थकलो आहे. माझ्या मिशा झिजल्या आहेत आणि काच माझी मुले पुसतात. मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी हात जोडून विनंती करतात. मला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते. मी बजावून सांगतो. साफसफाई जरूर करा, पण हातात ब्रश घेण्याआधी आत काय आहे ते पाहा. कोणी काम सोडून कोपऱ्यात बसला असेल, तर त्याला ऐतखाऊ म्हणण्याआधी तो कशावर पहारा देतो आहे, तेही पाहा. दिसते तसे नसते.

आज पुन्हा रविवार आहे. पाइपच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड पडला आहे. या वेळी आत अंडी नाहीत, मी एकटाच आहे. तरीही मी गालांवरचे काटे उघडले आहेत. प्लंबरने आत पाहिले, बॅटरी विझवली आणि पाइप होता तिथेच राहू दिला.