तीन मिनिटं लागायची तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि लोक काहीही म्हणोत, आळशी कधीच नव्हतो. उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. माझी डिस्क लहान. म्हणून तंत्रज्ञाने माझी ऑपरेटिंग सिस्टिम दाबून, आवळून ठेवली होती, बॅगेत कपडे कोंबावेत तशी. बटण दाबलं की ती उलगडायला तीन मिनिटं लागत. पण त्यामुळे निम्मी डिस्क मोकळी राही, आणि तिथे बाईंनी प्रत्येक मुलाचा पहिला शब्द त्याच्याच आवाजात साठवला होता.

तंत्रज्ञ दरवर्षी म्हणायचा, "बाई, सिस्टिम उलगडूनच ठेवतो. वीस सेकंदांत सुरू होईल. फक्त ते आवाज काढावे लागतील."

"राहू दे रे. मुलं तीन-तीन वर्षं लावतात, याची तीन मिनिटं मला जड नाहीत."

एकदा अशीच वाट बघताना एका मुलीने माझ्या काळ्या पडद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "ऊठ." तिचा पहिला शब्द, तोही मला! मी सुरू झाल्यावर बाईंनी तो तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नव्या बाईंकडे मुलांची रांग दारापर्यंत असे. त्यांनी तंत्रज्ञाला सिस्टिम उलगडायला सांगितली.

"आवाजांची कॉपी आहे ना?" त्याने विचारलं.

"आधीच्या बाईंकडे असेलच की."

त्यांच्याकडे नव्हती. त्या माझ्या भरवशावर होत्या. आवाज पुसले गेले. मी मात्र चपळ झालो, माझं कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. मग त्या आवाजांची आठवण येऊ लागली, ती अजून जात नाही.

मागच्या महिन्यात जहाजावर नोकरी करणारे एक गृहस्थ आले. "माझी मुलगी इथे पहिल्यांदा बोलली, तेव्हा मी समुद्रावर होतो. संगणकाला 'ऊठ' म्हणाली म्हणे. बाई म्हणाल्या होत्या, केव्हाही या, जपून ठेवलंय."

ते खुर्ची ओढून निवांत बसले. नव्या बाईंनी बटण दाबलं, खूप शोधलं, मग हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

मित्रांनो, घाई असेल तर जरूर करा, पण काही पुसण्याआधी ते ज्याचं आहे त्याला विचारा. त्या बापाला द्यायला माझ्याकडे वाचवलेल्या वेळाशिवाय काहीच नव्हतं.