उरलेली उघडझाप

भिंगताईंनी कॅमेरा पांढऱ्या कागदासमोर धरला आणि बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. पडद्यावर कागद उमटला, पण उजव्या कोपऱ्यात काळसर सावली घेऊन. कुणी दार लावता लावता मध्येच थांबावं तसा.

"पाती अडकताहेत," त्या म्हणाल्या. "मिटताना एक मागे राहतंय."

काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी मान हलवली. खिशात मावेल एवढा चंदेरी कॅमेरा, कोपरे घासून आतलं प्लास्टिक उघडं पडलेलं. बटणाला तर बोटाच्या आकाराचा खळगाच पडला होता.

"विकायचाय का, काका?"

"नाही हो. नुसता तपासून हवाय. शटर किती झिजलंय, अजून किती चालेल, एवढंच सांगा."

गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून अख्खी गल्ली त्यांना भिंगताई म्हणे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि काचेतून आत पाहिलं. इवलीशी पाती, पापण्यांसारखी. कडा घासून चकाकत होत्या.

"मूठमाती द्या त्याला, ताई," शेजारच्या खोक्यातून चावीवाला ओरडला. "हल्ली फोनवर निघतात फोटो."

"तू तुझ्या किल्ल्या घास. माझ्या पेशंटच्या उशाशी बसून असलं बोलू नकोस."

चावीवाला हसला. गृहस्थ हसले नाहीत.

भिंगताईंनी आपलं कार्ड घालून घेतलेल्या फोटोचा नंबर पाहिला. कॅमेरा स्वतःच नंबर देत जातो. त्यावरून आजवर किती फोटो निघाले याचा अंदाज येतो. नंबर लहान होता. एखाद्या घराने जपून, हौसेने वापरावा इतकाच. त्यांनी भिंग खाली सोडलं.

"काका, काहीतरी लपवताय. नंबर म्हणतो कॅमेरा तरणाबांड आहे, पाती म्हणतात पार थकलाय. खरं कोण बोलतंय?"

"दोघंही." गृहस्थांनी काउंटरवरची नसलेली धूळ पुसली. "कार्ड आम्ही काढून ठेवलंय, ताई. त्यात लेकीचे फोटो आहेत. कॅमेरा रिकामाच चालतो, फोटो कुठे साठतच नाही. आमची ही दिवसभर बटण दाबत असते."

भिंगताईंनी कॅमेरा हलकेच काउंटरवर ठेवला.

"लेक दुसरीत असताना तापाने गेली. त्याला किती वर्षं झाली! ही सावरली होती हो. नोकरी केली, माझ्याशी भांडली, बाकीच्या बायकांसारखी हसलीसुद्धा. आता डोकं विसरायला लागलंय. आणि सगळ्यात आधी काय विसरली, तर लेक गेल्याचं." ते थांबले. "शाळेला निघताना रोज दारात तिचा फोटो काढायची. तेच धरून बसलीय. आवाज ऐकला की निवते. थोड्या वेळाने पुन्हा."

"आणि हा बंद पडला तर?"

"पडला तर पडला. किती चालेल, तेवढं सांगा."

"पंधरा दिवस," भिंगताई म्हणाल्या. "फार तर महिना."

गृहस्थांनी डोळे मिटले आणि हळूच श्वास सोडला. भिंगताईंनी कॅमेरा स्वतःकडे ओढला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"संध्याकाळी या."

"नको नको, ताई. दुरुस्ती नको."

"पैसे कुणी मागितलेत?"

"तसं नाही…"

"काकूंजवळ कोण आहे आत्ता?"

"शेजारीण बसलीय. दुपारची झोपते ती. पण ताई, खरंच…"

"मग झालं तर. जा तुम्ही, घरी जा, जरा पाठ टेका."

गृहस्थांचा पसरलेला हात काउंटरवर तसाच राहिला, पण तोवर पहिला स्क्रू निघाला होता. थोडा वेळ थांबून त्यांनी हात मागे घेतला आणि ते पायरी उतरून गेले.

या जातीच्या कॅमेऱ्याचं शटर आता कुठे मिळत नव्हतं. भिंगताईंनी दोन-तीन जुने सांगाडे उघडून पाहिले. त्यांचीही पाती कामातून गेलेली. जेवणाचा डबा उघडून तसाच राहिला. आणि मग, चिमट्यात आतली तार धरून बसल्या असताना, त्यांना आठवलं: असल्या छोट्या कॅमेऱ्याचा खटका पात्यांचा नसतोच. पाती अगदी दबक्या पावलांनी मिटतात. माणसाला ऐकू जातो तो आवाज डाळीएवढ्या एका स्पीकरमधून येतो. फोटो निघाल्यासारखं वाटावं म्हणून घातलेला.

त्यांनी पाती काढून टाकली. एकेक, चिमट्याने, फुलाच्या पाकळ्या खुडाव्यात तशी. आता हा डोळा कायमचा उघडा. फोटो पांढराफटक येईल, पण तो पाहणार कोण होतं? आणि ज्याला मिटायचंच नाही, ते झिजणार कसं? कॅमेऱ्याचं झाकण परत बसवून त्यांनी बटण दाबून पाहिलं. खटका स्वच्छ, खणखणीत. कुठल्याशा जुन्या गाण्याची ओळ त्या गुणगुणू लागल्या.

"आज काय स्वारी खुशीत!" चावीवाला डोकावला.

"एका घरातला आवाज मरता मरता वाचवला."

"मग चहा तुमच्याकडून."

"बरा सापडलास! आधी मागचे चहा पाज."

दिवे लागायच्या सुमाराला गृहस्थ आले. भिंगताई उठून उभ्या राहिल्या.

"काका, आता काळजी सोडा. पातीच नाहीत, म्हणजे झीजही नाही. हा आवाज आता बंद पडायचा नाही. तुमच्या-माझ्यानंतरही वाजत राहील."

"बंद पडायचाच नाही?"

"बघा ना." त्यांनी कॅमेरा उचलून त्यांच्यावर रोखला.

गृहस्थ मागे सरकले. पाठ भिंतीला लागेपर्यंत सरकले. टाचा जुळवल्या. दोन्ही मुठी खांद्यांपाशी नेल्या, दप्तराचे पट्टे धरावेत तशा. गुडघे थोडे वाकवले, अंग चोरून जितकं लहान होता येईल तितके लहान झाले. मग हनुवटी वर करून, पडका दात दिसू नये म्हणून ओठ घट्ट मिटून, हसले.

खटका वाजला.

ते तसेच उभे. "आणखी एक?" मिटल्या ओठांतूनच त्यांनी विचारलं.

भिंगताईंचा हात खाली आला.

"तुम्ही उभे राहता?"

"रिकामी भिंत दिसली की रडते. उशीर होतोय शाळेला, नीट उभी राहा म्हणते. मग मी…" त्यांनी आपल्या मुठींकडे पाहिलं आणि त्या सोडवल्या. "उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत. गुडघे धरतात हो आता." अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "मला वाटलं होतं, त्याचा तोच बंद पडेल."

चावीवाल्याचं चाक गरगरत होतं. ते थांबलं.

"पाती ठेवलीत मी," भिंगताई म्हणाल्या. "परत बसवून देते."

गृहस्थांनी बराच वेळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"नको. मग ते मी केल्यासारखं होईल."

भिंगताईंनी दुपारी हौसेने शोधून काढलेली नवी बॅटरी त्यांच्या कोपराशी होती, अजून पाकिटातली. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. केर ओढावा तशी ती हळूच कडेपर्यंत ओढली. काउंटरखालचा खण उघडाच होता. ती आत पडल्याचा आवाज झाला.

"एक सांगायचं राहिलं, काका. यातली बॅटरी फार जुनी आहे. चार्ज धरेनाशी झालीय. आणि या मापाची आता कुठे मिळत नाही."

गृहस्थांनी खणाकडे पाहिलं. मग भिंगताईंकडे पाहिलं.

"किती…" त्यांनी सुरुवात केली, आणि स्वतःलाच आवरलं. "नाही. सांगू नका."

रुमालात गुंडाळून त्यांनी कॅमेरा खिशात ठेवला आणि पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा ठेवत ते उतरले. ते वळणाआड जाईपर्यंत भिंगताईंनी मान वर केली नाही. मग त्यांनी खण आत लोटला. तो नीट बसेना. त्यांनी तो मांडीने रेटून बंद केला.