सेमलिकीनं तोडलेलं कोपर

ऐका मित्रांनो, नदीनं भरदुपारी जमीन पळवली, ती गोष्ट सांगते. तिला वाट कुणी करून दिली तेही सांगते, आणि तेच सांगताना माझं डोकं फिरतं.

मी एक म्हातारी गाय आहे. लांब शिंगांची, काळसर तांबडी, म्हणून नाव बिहोगो. सेमलिकी नदीच्या काठची. अलीकडं युगांडा, पलीकडं काँगो, आणि हद्द म्हणे पाण्याच्या मधोमध. तसं कुण्या गोऱ्यानं कागदावर लिहून ठेवलंय. त्यानं आमची नदी बघितली होती का, मला शंका आहे. ही काय दगडातून जाते? मऊ मातीच्या माळावर वळवळते, आज इथं, पाच पावसाळ्यांनी तिथं. अशा नदीला हद्द करणं म्हणजे वासराच्या शेपटीला खुंटा समजून दावं बांधणं.

तिच्या एका वळणात दुमडलेल्या हातासारखी जमीन होती. तिला सगळे कोपर म्हणायचे. मानेशी चिंचोळी, आत पोटभर गवत. ते कोपर काबाहेंदाचं. तिचा नवरा तिथंच पुरलेला, तिची सहा गुरं तिथंच चरायची, त्यात माझी लेक गाजू. माझा मालक इसिंगोमा हा तिचा दीर. आमच्यात माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, मानाचं नाव वेगळं असतं. ती अड्येरी, तो अराली.

आता आमची खोड ऐका. दर घराचा नदीत उतरायचा एक उतार. बापानं जिथं गुरं पाजली तिथंच पोरानं पाजायची. दुसरीकडं नेली तर दूध आटतं, म्हणे. दूध आमचं, पण आम्हांला कुणी विचारलं? इसिंगोमाचा उतार नेमका कोपराच्या मानेवर. मगर लपू नये म्हणून त्यानं तिथलं लव्हाळं मुळासकट उपटलेलं. त्यावर रोज साठ गुरांचे खूर. समोरच्या काठाला लव्हाळं शाबूत, म्हणून पाण्यानं आमचाच काठ धरला.

“भाऊजी, काठाला भेग पडलीय,” काबाहेंदा म्हणाली. “यंदा गुरं दुसरीकडं उतरवा.”

“अड्येरी, माझ्या बापानं इथंच पाजलंय.”

“तुमच्या बापाच्या वेळी काठ वीस ढांगा पुढं होता. आता तुम्ही बापाच्या उतारावर नाही, बापाच्या गोठ्यात उभे आहात.”

“वहिनी, मगर बरी. ती जवळ येऊन चावते, तुम्ही लांबूनच.”

तो हसला, आणि आम्हांला खाली हाकललं.

त्या पावसाळ्यात डोंगरातून लोंढा आला. दुपारी मान तुटली. धडाडून नव्हे, ओली भाकरी तुटते तशी. पाणी सरळ मधून गेलं आणि कोपर पलीकडं राहिलं. गवत, कबर, गाजू, सगळं काँगोच्या बाजूला.

मग साहेब आले. पलीकडचे म्हणाले, नदी तिथं हद्द, कोपर आमचं. अलीकडचे म्हणाले, हद्द जुन्या कोरड्या पात्रातच आहे, कोपर आमचं. दोघांनी मोजलं. अलीकडच्यांनी तर काबाहेंदाच्या घरातलं उरलंसुरलं दूधही प्यायलं.

“बाई, धीर धरा. प्रकरण वर गेलंय.”

“वर? साहेब, नदी खाली वाहते,” ती म्हणाली. “तुमचं प्रकरण वर पोचेपर्यंत माझी गुरं कुणाच्या तरी कढईत पोचतील.”

तसंच झालं. पलीकडच्या शिपायांनी दोन कापली. चार उरली, त्यांत गाजू. तिचं हंबरणं मला ऐकू यायचं, आणि मध्ये पाणी.

एवढं होऊनही इसिंगोमानं आम्हांला कुठं नेलं असेल? त्याच उतारावर! आता पाणी काबाहेंदाच्या अलीकडच्या झोपडीकडं सरकत होतं. ती वाटेत उभी राहिली.

“भाऊजी, जमीन गेली, नवऱ्याची कबर गेली. आता घरही नेता का?”

“बाजूला व्हा, वहिनी. गुरं तहानलीत.”

तहान मलाही होती. पण कळप माझ्यामागं चालतो, हे मला ठाऊक होतं. मी वाटेतच बसले. मागची साठ थांबली. इसिंगोमानं काठी उगारली, पाठीवर चार ओढल्या. मी उठले नाही. पाचवीला उगारलेली काठी त्यानं न मारताच खाली घेतली. माझ्या डोळ्यांत बघितलं, मग तुटलेल्या काठाकडं.

“अड्येरी,” तो हळूच म्हणाला, “बादल्या किती आहेत तुमच्याकडं?”

त्या दिवसापासून काठापासून लांब मातीचं टाकं केलंय, पाणी वाहून आणतात. उतारावर दोघांनी लव्हाळं लावलंय. दूध आटलं नाही. पण कोपर परत आलं नाही, गाजूही नाही. साहेबांचं प्रकरण अजून वरच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. तुमच्या नदीवर जा, गुरं रोज कुठं उतरतात ते बघा. काठ उघडा पडलेला दिसला तर तिथं आडवे बसा. घरच्यांनीच काठी उचलली तरी उठू नका.